भुलीनं लिव्हर जातं म्हणे!

भूलवाला_डॉक्टर: काल इथे एकानं लिहिलं, 'नाकातून भूल घेतली की लिव्हर गेलंच, ऑपरेशन टाळा.' वाचून डोकं फिरलं. हा ठपका मुख्यतः हॅलोथेनचा, म्हणजे हुंगवून द्यायच्या जुन्या भुलीच्या औषधाचा. ते 1956 ला वापरात आलं. शरीरात गेलेल्या हॅलोथेनपैकी सुमारे 20 टक्के लिव्हरमध्ये फुटतं, त्यानंतर आलेलं आयसोफ्लुरेन जेमतेम 0.2. हॅलोथेन फुटून निघणारा तुकडा लिव्हरच्या प्रथिनांना चिकटतो आणि पुढच्या भुलीला शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठतं. तरी 1966 च्या अमेरिकी पाहणीत, दुसरं कारण न सापडलेला मृत्यू 35,000 हॅलोथेन भुलींमागे एक. हर्निया अडकून माणूस मेला तर हा लिहिणारा येणार आहे का खांदा द्यायला?

कृष्णाकाठ: त्या पस्तीस हजारांतली एक माझी आई असेल. 1991, दीड महिन्यात दोन ऑपरेशनं. दुसऱ्यानंतर पाचव्या दिवशी ताप, मग डोळे हळदीसारखे. आम्हाला सांगितलं, 'पाण्यातून कावीळ.' अकराव्या दिवशी गेली. तीन महिन्यांच्या आत पुन्हा हॅलोथेन टाळा, असं ब्रिटनमध्ये 1986 लाच बजावलं होतं ना?

भूलवाला_डॉक्टर: हो, बजावलं होतं. पण ती पाण्यातलीही असू शकते. कागद बघितल्याशिवाय कसं सांगू?

कृष्णाकाठ: कागद? डिस्चार्ज कार्डावर एकच शब्द, 'जी.ए.', म्हणजे पूर्ण भूल. कुठला वायू, काही नाही. आजही तेच. गेल्या वर्षी बायकोच्या कार्डावर टाक्यांचा दोरा लिहिलाय, भुलीचं औषध नाही!

मीनल_पुणे: अगदी! माझ्या मुलाच्या दोन्ही ऑपरेशनांत हेच. मागितलं तर म्हणाले, 'तुम्हाला काय कळणार त्यातलं?'

भूलवाला_डॉक्टर: आमचा भुलीचा तक्ता असतो, मिनिटामिनिटाचा. तो फाइलमध्येच राहतो. कार्ड आम्ही लिहीत नाही. पेशंट आम्हाला ऑपरेशन थिएटरच्या दारात पहिल्यांदा दिसतो, सगळा राग मात्र आमच्यावर.

कृष्णाकाठ: मग दारात तरी विचारा, आधी कधी भूल घेतली होती! आईला कुणी विचारलं नाही.

मीनल_पुणे: आता देतात ते सेव्होफ्लुरेन तर 3 ते 5 टक्के फुटतं म्हणतात. मग ते आयसोफ्लुरेनपेक्षा वाईट?

भूलवाला_डॉक्टर: नाही. त्यातून तो चिकटणारा तुकडा बनतच नाही. आणि कृष्णाकाठ, आईंना विचारायला हवं होतं. एवढं मान्य. बाकी नाही.

कृष्णाकाठ: हॅलोथेनचं पाप आजच्या औषधांवर घालू नये, हे मीही मानतो. नाइलाजानं. पण शुक्रवारी मुलीचे टॉन्सिल काढायचेत. त्या तक्त्याचा फोटो हातात पडल्याशिवाय मी तिला घरी नेणार नाही.