बालवर्गातली ॲक्टिव्हिटी: हात कुणाचे चालतात?

मातीचे हात (धागाकर्ती)

बालवर्गात शिकवणाऱ्या ताया आणि तिथल्या मुलांचे आईबाबा, दोघांशीही बोलायचं आहे म्हणून हा धागा.

हल्ली प्रत्येक बालवर्ग "आमच्याकडे सगळं ॲक्टिव्हिटीतून शिकवतात" असं सांगतो. वर्गात जाऊन पाहिलं तर भिंतीवर एकसारखी पंचवीस फुलपाखरं असतात. सगळ्यांच्या मिश्या जागच्या जागी, पंख दोन्हीकडून सारखे. साडेतीन वर्षांच्या मुलांच्या हातून पंचवीस सारखी फुलपाखरं होत नाहीत. कापलं ताईंनी, गोंद लावला मदतनीस मावशींनी, मुलानं वरून टिकली दाबली. यात हात कुणाचे चालले?

आता याच्या शेजारी दट्ट्यांची पेटी ठेवून बघा. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांतली ही साधी लाकडी पट्टी: दहा खाचा, दहा दट्टे, प्रत्येक दट्ट्याच्या डोक्यावर बारीक मूठ. ती मूठ अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांनीच नीट धरता येते, म्हणजे पुढे पेन्सिल धरायची तीच पकड. मूल बारका दट्टा मोठ्या खाचेत टाकतं, तो आत पडतो, काम झाल्यासारखं वाटतं. शेवटी एक जाडा दट्टा हातात उरतो आणि उरलेल्या खाचेत काही केल्या जात नाही. मग मूल थांबतं, पट्टीकडे बघतं, एकेक दट्टा बाहेर काढायला लागतं. ताईंनी "चुकलं" म्हणायची गरजच पडत नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. शेवटी काय दिसणार हे मोठ्यांनी आधीच ठरवलेलं असेल तर ते हस्तकाम म्हणा, सजावट म्हणा, पण त्याला शिकणं म्हणू नका. तुम्हाला काय वाटतं?

पाऊणतास

पूर्ण असहमत. बालवर्गावर बरीच वर्षं आहे म्हणून लिहितो.

तुमचा निकष तुमच्याच उदाहरणाला लागू पडत नाही. दट्टे कुठे बसणार हे पूर्ण ठरलेलं असतं. दहा खाचा, दहा दट्टे, उत्तर एकच. शिवाय मॉन्टेसरी पद्धतीत साधन कसं उचलायचं, कुठे ठेवायचं, हे ताई आधी सावकाश करून दाखवतात. बालोद्यान म्हणजे किंडरगार्टन ही कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं. त्यांच्या बालोद्यानातही घडीकाम, कागदाचं विणकाम हे पायरीपायरीनेच होतं. म्हणजे ठरलेलं काम वाईट, असं या दोघांच्याही पद्धतीतून निघत नाही.

दुसरं म्हणजे कात्री. कात्री कधीच न धरलेल्या मुलापुढे कागदांचा ढीग ठेवून "तुला हवं ते कर" म्हटलं तर ते कागद फाडतं किंवा गप्प बसून राहतं. आधी बारीक पट्टी एका घावात तोडायची, मग कागदाच्या कडेला झालर कापायची, मग सरळ जाड रेघेवरून, मग वळणावरून. कागद धरणाऱ्या हाताचा अंगठा वर हवा, हे तर दहादा सांगावं लागतं. हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. काही मुलांना कोरा कागद बघूनच रडू येतं. त्यांना नमुना दिला की हात पुढे येतो. त्या मुलांचा विचार या धाग्यात कुठेच दिसला नाही.

मातीचे हात

@पाऊणतास, मुद्दा वजनदार आहे, म्हणून निकष नेमका करते. प्रश्न दोन: चूक मुलाला स्वतःला दिसते का? आणि ते काम मोडून पुन्हा करता येतं का? दट्ट्यांना दोन्ही लागू. तुमच्या कात्रीलाही लागू, कारण रेघ सुटली की मुलाला दिसतं आणि दुसरी पट्टी घेता येते. एकदा चिकटवलेल्या फुलपाखरात यातलं काहीच नाही. कात्री शिकवा की, जरूर शिकवा. पण मग मुलानं कापलेलंच राहू द्या. संध्याकाळी बसून कडा सारख्या करू नका.

रेघोट्या

पालक म्हणून विचारते. हे दट्टे, माती, पाणी सगळं छान आहे, पण मोठ्या वर्गात गेल्यावर पहिल्याच महिन्यात लिहायला लागतं. माझ्या मुलीच्या वर्गात अक्षरं गिरवण्याची पानं बंद केली. बाकीची मुलं पानंच्या पानं लिहितात आणि हिचा हात वळत नाही. हाताने शिकणं म्हणता, मग गिरवणं हेही हातानेच नाही का?

दुर्बीण

@रेघोट्या, गिरवणं आणि स्वतः काढणं यात फरक आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरिन जेम्स यांच्या गटाने २०१२ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी काही अक्षरं हाताने स्वतः काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर तीच अक्षरं बघताना मेंदूचं चित्रण केलं. वाचनाशी जोडलेल्या भागांची हालचाल ठळक दिसली ती स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी. वेडंवाकडं काढलेलं अक्षरच बहुधा कामाचं असतं, कारण ते कसं काढायचं हे मुलाला ठरवावं लागतं. मुलं थोडीच होती, त्यामुळे यावर फार मोठा इमला बांधू नये.

शिवाय मनगटात आठ छोटी हाडं असतात आणि जन्माच्या वेळी ती कूर्चेची, म्हणजे मऊ, असतात. ती पक्की होत जायला कित्येक वर्षं लागतात. चार वर्षांच्या मुलीचा हात "वळत नाही" ही तक्रार घाईची आहे.

पण आता धागाकर्तीला विरोध. "हातात दिलं की समजतं" हे आपण फार सहज धरून चालतो. बालमानसशास्त्रज्ञ ज्यूडी डिलोश यांचा १९८७ चा प्रयोग बघा. एका खोलीची छोटी प्रतिकृती केली. तिच्यात छोटं खेळणं लपवताना मुलांना दाखवलं आणि सांगितलं, मोठ्या खोलीतलं मोठं खेळणं याच जागी आहे, शोधून काढ. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना जमलं, अडीच वर्षांच्यांना क्वचितच. पुढच्या प्रयोगांत तीन वर्षांच्या मुलांना त्या प्रतिकृतीशी आधी खेळू दिलं, तर त्यांना शोधणं जास्त जड गेलं. उलट प्रतिकृती काचेमागे ठेवली तेव्हा अडीच वर्षांच्यांची कामगिरी सुधारली. वस्तू हातात आली की ती खेळणं होते. ती कशाची तरी खूण आहे, हे मागे पडतं.

म्हणून रंगीबेरंगी प्राणी देऊन "पाच मोज" म्हटलं की मूल प्राण्यांना पळवतं आणि पाच बाजूला राहतं. साधन हातात दिल्याने आपोआप गणित शिरत नाही.

मातीचे हात

@दुर्बीण, हा तर माझ्या बाजूचा पुरावा झाला! मॉन्टेसरींचा गुलाबी मनोरा आठवा. दहा घन, सगळे एकाच रंगाचे, एकाच लाकडाचे. बाजू फक्त एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते. बदलतो तो एकच गुण, आकारमान. डोळे नाहीत, चेहरे नाहीत, चमक नाही. साधन किती साधं ठेवायचं याचा विचार तिथे झालेला आहे. बाजारातली झगमगीत साधनं भरायची आणि मग हाताच्या कामाला दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

दुर्बीण

साधेपणाबद्दल सहमत. पण मनोरा रचताना मूल "मोठा-लहान" शिकतं, संख्या शिकतं असं म्हणू नका. घन आणि संख्या यांचा सांधा मोठ्या माणसालाच जोडून द्यावा लागतो.

ओवी

तो सांधा भाषेचा असतो आणि या चर्चेत भाषा कुणाच्याच लेखी दिसत नाही, म्हणून लिहिते.

पाण्याच्या टबाभोवती चार मुलं. लाकडाचा मोठा ठोकळा, गोटा, लोखंडी किल्ली, बाटलीचं बूच. नुसतं टाकू दिलं तर टाकतात, पाणी उडतं, मजा येते, संपलं. त्याऐवजी ठोकळा हातात तोलायला द्यावा आणि विचारावं, "काय होईल?" बहुतेक म्हणतात, "बुडणार, जड आहे." टाकला की तरंगतो. किल्ली हलकी, ती मात्र तळाशी जाते. आता त्यांच्या बोलण्याला धार येते. एक म्हणते, "किल्ली बारीक आहे म्हणून बुडते." दुसरा लगेच बूच टाकून दाखवतो की बारीक असून तरंगतं. त्या क्षणी "बरोबर, शाब्बास" म्हणून विषय मिटवायचा नाही, पुढची वस्तू पुढे करायची. हे बोलणं नसेल तर टब म्हणजे नुसतं पाण्यात खेळणं. आणि गोष्ट ऐकणं, गप्पा मारणं हेही शिकणंच आहे, हात रिकामे असले तरी.

पाऊणतास

@ओवी, उलटंही घडतं. मूल रंगून काम करत असताना ताई शेजारी बसून "हा कुठला रंग? किती झाले? मोठा कुठला?" असा भडिमार करतात. मूल मान वर करतं, उत्तर देतं आणि काम सोडून उठतं. माझ्या मते काम चालू असताना तोंड बंद, काम थांबलं की बोला.

ओवी

दट्ट्यांना तुमचं खरं, कारण तिथे वस्तूच उत्तर देते. पाण्याच्या टबाला नाही. "काय होईल?" हे टाकण्याच्या आधीच विचारावं लागतं, नंतर विचारून काय उपयोग?

एकटी ताई

तुम्ही सगळे चार मुलांच्या वर्गाबद्दल बोलताय. माझ्यासमोर अठ्ठावीस आहेत आणि मोठी माणूस मी एकटी. पाण्याचा टब ठेवला की दोघं भिजतात, एक घसरतो, एक रडतो. मणी दिले की नाकात आणि तोंडात. तीन वर्षांखालच्यांसाठी तर ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावणारी वस्तू धोक्याची धरतात. म्हणजे तुमच्या निम्म्या वस्तू बाद. गिरवण्याचं पान दिलं की वर्ग अर्धा तास बसतो. याला आळस म्हणू नका, त्या वेळात मी रडणाऱ्याकडे बघते.

मातीचे हात

@एकटी ताई, आळस कोण म्हणेल? अठ्ठावीस मुलांमागे एक ताई, हा दोष तुमचा नाही आणि कुठल्याही पद्धतीने तो भरून निघत नाही. दुसरं मोठं माणूस मागत राहायलाच हवं.

तोवर दोन गोष्टी सुचवते. सगळ्यांना एकच काम एकाच वेळी देऊ नका. वेगवेगळ्या थाळ्यांत वेगवेगळी कामं मांडा, प्रत्येक साधन एकच ठेवा. दुसऱ्याला हवं असेल तर तो थांबतो, आणि थांबणंही शिकतो. आणि टबाऐवजी एक छोटा पेला, एक छोटी सुरई, शेजारी पुसायचं फडकं. पाणी इतकंच की सांडलं तर मुलाला स्वतःला पुसता येईल.

एकटी ताई

थाळ्यांचं करून बघेन. एकच साधन ठेवून मुलं थांबतात, हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. पहिले कित्येक दिवस ओढाओढी आणि चावाचावी होते, आणि ती सोडवायला पुन्हा मी एकटीच. आणि वेळापत्रकाचं काय? अर्ध्या तासाने घंटा होते, मनोरा सहाव्या घनावर असतो आणि मला तो मोडायला लावावा लागतो. दुपारच्या पाळीची मुलं त्याच खोलीत येतात.

रेघोट्या

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पालकसभेत आम्ही गिरवण्याची पानं परत सुरू करा म्हणून भांडतो, त्याऐवजी दुसऱ्या ताई आणि सलग एक तास मागू शकतो. पण पानंही मी मागणारच आहे, आठवड्यातून एक तरी.

दुर्बीण

मागा, पण ठिपक्यांचं नको. कोरं पान मागा.