उपजत की शिकवलेलं? घरातले अनुभव सांगा

परवा एका बारशाला वहिनीशी जुंपली. ती म्हणे मुलगे मुळातच दांडगट, आपण काय शिकवतो? मी म्हटलं, अगं आपण पाळण्यापासून सुरू करतो, मुलगी रडली की "काय झालं माझ्या चिमणीला" आणि मुलगा रडला की "हॅट्, मुलींसारखा रडतोस!" पण खरं सांगू, माझ्याच जुळ्यांनी (एक मुलगा, एक मुलगी) मला तोंडघशी पाडलंय. दोघांत मिळून एकच भातुकली, एकच जेसीबी आणला होता. मुलाने पहिल्या दिवशीच लाटण्याची बॅट केली. मुलीने जेसीबीच्या बकेटमध्ये चुरमुरे भरले आणि घरभर सगळ्यांना वाढत फिरली, वर "अजून घे ना" असा आग्रह. हे मी शिकवलं नाही हो. पण जेवायला वाढताना दोघांना रोज आजी दिसते, आजोबा कधीच नाही, हेही तितकंच खरं. तुमच्याकडे काय?

*

जेसीबीतून आग्रह, भारीच :) आमचं टेलरिंगचं दुकान, आजोबांपासूनचं. बाबा, काका, दादा दिवसभर काज-बटण, तुरपाई, ब्लाउजचे हुक, सगळं करायचे. आणि घरी माझ्या शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं की बाबा म्हणायचे "आईकडे दे". आईला सुईत दोरा ओवायला माझीच मदत लागायची, तिला दिसायचं नाही नीट! बाबांना यात काही विचित्र वाटलंच नाही कधी, मलाही लग्न होईपर्यंत नाही वाटलं.

*

सगळं संस्कारांवर ढकलू नका. माकडांना कोण शिकवतं? 2008 मध्ये अमेरिकेत ऱ्हीसस माकडांपुढे चाकांची आणि मऊ खेळणी ठेवली तर नरांनी चाकांचीच जास्त उचलली. आणि कॅनडातला डेव्हिड रायमर, 1965 चा जन्म, सुंता करताना इंद्रिय जळालं म्हणून जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने मुलगी म्हणून वाढवला, फ्रॉक, बाहुल्या सगळं केलं, तरी खरं कळल्यावर चौदाव्या वर्षी तो मुलगा म्हणून जगायला लागला. 2004 मध्ये त्याने आत्महत्या केली. पोराचे हाल झाले ते "वाढवू तसं मूल होतं" या थिअरीपायी.

*

रायमरचं पटलं. पण माकडिणींचं गाळलंत की, त्यांचा असा ठाम कल नव्हता, दोन्ही चालत होतं.

*

बँकेच्या बदलीमुळे तीन वर्षं शिलाँगला होतो. खासी लोकांत कूळ आईचं, आणि घर जातं धाकट्या मुलीकडे. तिथल्या इयूदुह बाजारात गाळ्यागाळ्यावर बायका, गालात क्वाय म्हणजे पान-सुपारी, आणि भाव करायला गेलं तर मान वर न करता "नाही" म्हणणार. आपल्या मंडईतल्या मावश्या निदान दोन शब्द सुनावतात तरी. नंतर वाचनात आलं की 2009 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात याच खासी लोकांना बादलीत टेनिस बॉल टाकायला लावले होते. प्रत्येक बॉलचे ठरलेले पैसे घ्या, नाहीतर समोरच्याशी पैज लावा, जिंकलात तर तिप्पट. पैज घेतली 54 टक्के बायकांनी आणि 39 टक्के पुरुषांनी. टांझानियातल्या मसाई लोकांत उलटं, पुरुष 50, बायका 26. "बायकांना रिस्क नको असते" म्हणणाऱ्या आमच्या मॅनेजरला हे सांगायचं राहूनच गेलं.

*

बायकोची नाइट शिफ्ट, मुलगी पाच महिन्यांची, रात्री मी एकटा. पहिला आठवडा शेजारच्या काकूंनी बेल वाजवून उठवलं, "अहो, पोर रडतंय!" मी ढाराढूर. महिन्याभरात असं झालं की तिने नुसतं चुकचुक केलं तरी मी ताडकन उठायचो, अजूनही उठतो, ती आता सातवीत आहे. सासूबाई म्हणतात जावई बाईमाणसासारखे सावध झोपतात. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या 600 हून जास्त तरुणांचा अभ्यास 2011 मध्ये आला होता, बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं, आणि रोज तीन तास किंवा जास्त पोरांचं करणाऱ्यांचं इतर बापांपेक्षा कमी निघालं. आता हार्मोनमुळे वागणं की वागण्यामुळे हार्मोन, तुम्हीच सांगा. मी डबा भरायला जातो.

*

गाडी रिव्हर्स घ्यायची वेळ आली की आमच्याकडे "सरक, मी घेतो". सोळा वर्षं हेच. मग बायकांना पार्किंग जमत नाही म्हणे!

*

मी आठवीत होतो तेव्हा आजी गेली. मावसबहिणी तिच्या उशाशी बसून रडत होत्या, मला काकांनी पन्नास रुपये आणि यादी दिली, मडकं, बांबू, सुतळी. सायकलवर चार फेऱ्या झाल्या. सगळे म्हणाले, पोरगा धीराचा आहे हो. मलाही वाटलं आपण धीराचे. तीन वर्षांनी माळा आवरताना तिचा अडकित्ता सापडला, पात्यात सुपारीचा तुकडा तसाच अडकलेला. आई खालून विचारतेय काय झालं रे, म्हटलं काही नाही, धूळ गेली डोळ्यात.