लेकीच्या इंग्लंडमधल्या घरात सीलबंद हीटिंग: माळ्यावरच्या टाक्या काढाव्यात का?

विद्या_नौपाडा
माझी मुलगी आणि जावई लेस्टरला असतात. त्यांनी 1930च्या दशकात बांधलेलं घर घेतलंय. बॉयलरचं गरम पाणी भिंतीवरच्या रेडिएटरमधून फिरवून घर तापवतात. बॉयलर स्वयंपाकघरात, नळांच्या गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर वरच्या कपाटात आणि छपराखालच्या माळ्यावर दोन टाक्या, एक मोठी, एक छोटी. बॉयलर आता बदलायलाच हवा. एक फिटर म्हणतो, आहे तीच रचना ठेवू. दुसरा म्हणतो, टाक्या आणि सिलिंडर काढून टाका, सिस्टीम सीलबंद करा आणि कॉम्बी बॉयलर लावा, म्हणजे नळाचं पाणीही लागेल तेव्हाच थेट तापवणारा. दाब 1.5 बार ठेवणार म्हणे. जुने पाईप तो सोसतील का? शेजारणीकडे कॉम्बी आहे, ती दर पंधरा दिवसांनी बॉयलरखालचा नळ फिरवून 'प्रेशर भरते'. हे असंच चालायचं असतं का? ठाण्यात गीझरपलीकडे काही पाहिलेलं नाही, पण पैसे त्यांनी पै-पै करून साठवलेत, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

कोपरखैरणेकर
काकू, घरगुती बॉयलरचा अनुभव नाही, पण मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात चिल्ड वॉटरची, म्हणजे थंड केलेलं पाणी फिरवणारी बंद लाईन सांभाळतो. तिथेही फुगलेलं पाणी सामावून घेणारं एक्सपान्शन व्हेसल असतंच. कमी झालेलं पाणी भरणाऱ्या आमच्या मेकअप लाईनवर मीटर आहे. तो फिरताना दिसला की आम्ही गळती शोधायला लागतो. बंद लाईन पाणी पीत नाही. शेजारणीच्या घरी काहीतरी बिघडलंय, एवढं नक्की.

जुना_फिटर_नेरूळ
ताई, मी बर्मिंगहॅमकडे बरीच वर्षं हेच काम केलं, गॅस सेफचं, म्हणजे तिथल्या गॅस फिटरांच्या अधिकृत नोंदणीचं कार्ड होतं. आता नेरूळला असतो. सविस्तर लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. सीलबंद करणं आणि कॉम्बी लावणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. दुसऱ्या फिटरने ते एकत्र बांधून दिलेत.

मोठी टाकी सिलिंडरला पाणी पुरवते, छोटी टाकी रेडिएटरच्या पाण्याची. पाणी 80 अंशांपर्यंत तापलं की साधारण 3 टक्के फुगतं. घरात 100 लिटर फिरत असेल, तर 3 लिटरला जागा हवी. आज ते पाणी टाकीत चढतं. टाकी हवेला उघडी, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो आणि रेडिएटर आतून गंजतात. लेकीला हात लावून बघायला सांगा. रेडिएटर वर गरम आणि खाली मध्यावर थंड लागत असेल, तर तळाशी काळा गाळ बसलाय. नवा बॉयलर लावण्याआधी तो धुऊन काढायलाच हवा, मग पाण्यात इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि परतीच्या पाईपवर गंजाचे कण पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर. कोटेशनमध्ये हे लिहिलेलं नसेल तर ते स्वस्त दिसणारच.

सीलबंद रचनेत टाकीच्या जागी एक्सपान्शन व्हेसल येतं. पोलादी डबा, मध्ये रबरी पडदा, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला दाबाची हवा. फुगलेलं पाणी पडदा ढकलतं. थंड असताना काटा 1 ते 1.5 बारवर हवा, तापल्यावर थोडा चढतो, आणि 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर सोडतो.

आता तुमचा पाईपांचा प्रश्न. 1 बार म्हणजे 10 मीटर उंच पाण्याचा दाब. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा तीन मजले वर असेल, तर नळाला जवळपास तेवढाच मिळतो. धडधाकट तांब्याच्या पाईपला तो काहीच नाही. पण लेकीच्या तळमजल्यावरच्या पाईपांनी आजवर जेमतेम अर्धा बार सोसलाय. जुने जोड आणि रेडिएटरच्या व्हॉल्व्हचे ग्लँड (दांड्याभोवतीची सीलं) या वाढीव दाबाने पाझरायला लागतात. पाईप जमिनीत काँक्रीटखाली पुरलेले असतील तर जास्त काळजी. म्हणून आधी पाईपांची दाबचाचणी करून दाखवा, मगच टाकी काढा, असं स्पष्ट सांगा.

शेजारणीच्या बाबतीत दोनच शक्यता. तापल्यावर काटा 3 कडे धावतो आणि थंड झाल्यावर शून्याकडे येतो, तर व्हेसलची हवा गेली किंवा पडदा फाटला. बाहेर भिंतीवर निघालेला तांब्याचा पाईप ओला दिसेल. काटा सावकाश उतरत असेल तर गळती. दर वेळी नवं पाणी भरलं की नवा ऑक्सिजन आत जातो, इनहिबिटर पातळ होतो आणि गंज पुन्हा सुरू. बॉयलरखालची पाणी भरण्याची जाळीदार नळी काम झाल्यावर सोडवून ठेवायची असते. हीटिंगचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात उलटू नये, म्हणून तिथल्या 1999च्या नियमांतच तसं आहे.

विद्या_नौपाडा
किती नीट सांगितलंत! मग कॉम्बीचं काय? त्यांच्याकडे दोन बाथरूम आहेत, पुढच्या वर्षी सासू-सासरेही जाणार.

जुना_फिटर_नेरूळ
तर मी कॉम्बी सुचवणार नाही. 24 किलोवॉटचा कॉम्बी पाणी 35 अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम 10 लिटर देतो. ठाण्यात गीझरमध्ये पाणी शिरतं तेच कोमट, लेस्टरला जानेवारीत ते 6-7 अंशांवर असतं. दोन शॉवर एकदम उघडले की दोघंही कुडकुडणार.

सीलबंद सिस्टीम करा, पण सिलिंडर ठेवून. जुना तांब्याचा सिलिंडर चांगला असेल आणि त्याची आतली कॉइल (बॉयलरचं पाणी फिरतं ती वेटोळी नळी) वाढीव दाबाला चालणारी असेल, तर फक्त छोटी टाकी जाईल, मोठी त्याच्यासाठी राहील. नाहीतर मेन्सच्या, म्हणजे रस्त्यावरच्या पाईपमधून थेट येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालणारा नवा सिलिंडर. त्याला जागा आणि वेगळी पात्रता असलेला माणूस लागतो. आधी लेकीला स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण उघडून एक मिनिट बादली भरायला सांगा. पाणी 20 लिटरच्या पुढे असेल तर नवा सिलिंडर दोन शॉवर चालवेल.

आणि येणाऱ्याचं गॅस सेफ कार्ड मागून घ्या, ते उलटून मागची बाजू वाचा. तो कोणती कामं करू शकतो ते तिथे लिहिलेलं असतं.

विद्या_नौपाडा
आत्ताच बोलले तिच्याशी. बादली 13 लिटर. रेडिएटर तीन ठिकाणी खाली थंड. पहिल्या फिटरच्या कोटेशनमध्ये धुण्याचा उल्लेखच नाही.

जुना_फिटर_नेरूळ
13 म्हणजे जुना सिलिंडर आणि मोठी टाकी ठेवा, रेडिएटरची बाजू तेवढी सीलबंद करा. दोघांनाही याच रचनेचं नव्याने कोटेशन द्यायला सांगा, धुणं, फिल्टर आणि दाबचाचणी वेगवेगळ्या ओळींत लिहून.