बाबा गेल्यापासून आई दिवसभर रानातच असते, तिला थांबवावं का?

बांधावरचा: पेरणीच्या तोंडावर बाबा गेले, अचानक, हार्ट अटॅक. तेव्हापासून आई उजाडायच्या आत गोठ्यात, शेणघाण, धारा, मग मोटर चालू करायला रानात, बाबांची सगळी कामं तीच करते, आम्हाला हात लावू देत नाही. नीट रडलीपण नाही. बाबांच्या गाडीसारखा आवाज आला की एक गाय अजून मान वर करून बघते आणि ते दिसलं की आई तिथून उठून जाते. ताई म्हणते गायी विकून टाका, आईला मी माझ्याकडे नेते. काय करावं काही सुचत नाहीये.

गवतफूल: दादा, काम एकदम सोडवू नका हो. स्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलंय की दुःखात माणूस दोन्हीकडे ये-जा करतो, थोडा वेळ आठवणीत, थोडा वेळ रोजच्या कामात, आणि ती ये-जा चालू असणंच बरं. तुमची आई सध्या कामाच्याच बाजूला आहे असं वाटतंय. समोर बसवून "आई बोल गं" म्हटलं तर ती बोलणार नाही, पण तुम्ही शेजारी धार काढत बसलात तर कधीतरी आपोआप निघेल.

जुनी_विहीर: आधी तिची झोप बघा. जागरणात कडबाकुट्टीवर, ट्रॅक्टरवर कुणालाच बसू देऊ नका, तुम्हीसुद्धा बसू नका. आणि एक वही करा, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या तुकड्याचा, कुठली गाय कधी भरवली (म्हणजे रेतन कधी केलं), कुणाचे पैसे द्यायचेत, हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं ना, त्यातलं बरंच आईला माहीत असणार. ते विचारायच्या निमित्ताने बाबांचं नाव तरी घरात निघेल, नाहीतर सगळे एकमेकांना जपायला म्हणून गप्प बसतात आणि घर आणखीनच कोंडतं.

बांधावरचा: हे खरंय, आमच्यात बाबांचा विषयच कुणी काढत नाही. पण असं किती दिवस चालू द्यायचं?

गवतफूल: त्याला ठरलेली मुदत नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (२०२२ पासून लागू आहे ती) लांबलेलं दुःख हा वेगळा आजार धरलाय, कमीत कमी सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची तीव्र ओढ तशीच आणि रोजचं जगणं अडलेलं असेल तर. पण खाणं सुटलं, किंवा "आता जगून काय करू" असं बोलायला लागली तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टरकडे न्या. फवारणीची औषधं आजच कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याजवळ.

जुनी_विहीर: गायी आणि जमीन, दोन्हीचे निर्णय निदान यंदाचा हंगाम निघेपर्यंत नको, अगदीच पैशाची अडचण असेल तर गोष्ट वेगळी. आणि ताईवर चिडू नका. तिचेही बाबा गेलेत, तुमच्या हाताला गोठा तरी आहे, तिच्याकडे तेही नाही. आईला तिकडे पाठवण्यापेक्षा तिलाच थोडे दिवस इकडे राहायला बोलवा, आणि धारेला सोबत न्या.