शब्दचर्चा: ‘चॅरिटी’ला मराठीत काय म्हणावं? दान, धर्म, दया की प्रीती?

प्रश्न

आमच्या चर्चची मंडळी पुरात घर गेलेल्या कुटुंबांना धान्य, भांडी, अंथरूण-पांघरूण देते. ही कुटुंबं ना आमच्या मंडळीतली, ना ओळखीची. या कामाची पत्रिका मराठीत करायचं माझ्याकडे आलं आहे. ‘ख्रिश्चन चॅरिटी’ला ‘धर्मादाय’ म्हटलं तर सरकारी कचेरीची पाटी वाटते. ‘दानधर्म’ म्हटलं की घेणारा खाली बसतो, ‘दया’ म्हटलं की आणखी खाली. आणि ‘प्रीती’ तरुण मुलांना भावगीतातली वाटते. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

‘चॅरिटी’ हा शब्द आधी मोठा होता, मग आकसला. ग्रीक ‘अगापे’ (म्हणजे प्रीती) या शब्दासाठी लॅटिन बायबलात ‘कारितास’ आला आणि त्यावरून इंग्रजीत ‘चॅरिटी’. 1611च्या इंग्रजी बायबलात पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात हाच शब्द आहे. पुढे त्याचा अर्थ गरिबाला दिलेले पैसे एवढाच उरला, तेव्हा 1881च्या सुधारित नव्या करारात तिथे ‘लव्ह’ घातलं. मराठीत त्या जागी ‘प्रीती’ आहे. त्याच अध्यायात पौल म्हणतो की सगळं धन अन्नदानात घातलं आणि प्रीती नसली तर मला काही लाभ नाही. अन्नदान आणि प्रीती एकाच वाक्यात, पण दोन शब्द म्हणून. तुमच्या पत्रिकेतही दोन्ही हवेत. एकाच शब्दावर सगळा भार टाकायला जाऊ नका.

‘धर्म’ मात्र इतक्या लवकर बाजूला सारू नये असं मला मनापासून वाटतं. दारावरचा याचक ‘धर्म करा’ म्हणतो. धर्मशाळा, धर्मार्थ दवाखाना हे शब्द अजून चालतात. नीतीनं वागणं आणि गरजवंताला देणं, दोन्ही आपल्याकडे एकाच शब्दात मावतं. हिब्रू ‘त्सदाका’चंही तसंच: मूळ अर्थ न्याय, नीतिमत्त्व, पुढे त्याचाच अर्थ दान झाला. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ‘धर्माचरण’ लोकांना दाखवायला करू नका, असं सांगून येशू लगेच ‘दानधर्मा’कडे वळतो आणि उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतो. मराठी वाचणाऱ्याला हा सांधा आपोआप दिसतो.

पण तुमचा खरा प्रश्न परक्यांचा आहे, आणि त्यासाठी मराठी बायबलच्या जुन्या करारात दोन फार चांगले शब्द आहेत. पहिला ‘उपरी’. ‘उपरी, अनाथ व विधवा’ ही त्रयी ‘अनुवाद’ नावाच्या, बायबलातल्या पाचव्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. मराठेशाहीतल्या महसुली भाषेत मिरासदार म्हणजे गावात वंशपरंपरेनं जमीन कसणारा आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन वतनाच्या हक्काशिवाय कसणारा. ज्याच्या पाठीशी गाव नाही, असा माणूस. हिब्रूतला ‘गेर’ही परक्या मुलखात राहणारा, स्वतःची वाटणीची जमीन नसलेला. याहून चपखल शब्द मला तरी माहीत नाही.

दुसरा ‘सरवा’. कापणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं, भुईमुगाच्या जमिनीत राहिलेल्या शेंगा. त्या वेचायला ज्याला शेत नाही तो येतो. जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या पुस्तकातला नियम असा: शेताच्या कोपऱ्यापर्यंत कापू नको, सरवा वेचू नको, ते गरीब आणि परदेशी यांच्यासाठी राहू दे. मालक उचलून काही देतच नाही. तो नुसतं ठेवतो, आणि घेणारा आपल्या हातानं, ताठ मानेनं वेचून नेतो. तुम्हाला ‘दानधर्म’मध्ये जे खुपतं ते इथे नाही. जुन्या करारातली रूथ ही मवाबी, म्हणजे परकीच. ती बवाजाच्या शेतात सातूचा सरवा वेचायला जाते, तेव्हा बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधून मुद्दाम काही काढून तिच्यासाठी टाका आणि तिला धमकावू नका. नियमानं कोपरा सोडायचा होता. पेंढीतून काढणं हे त्याच्या पदरचं. औदार्य म्हणतात ते हे, आणि ते तिला कमीपणा न येऊ देता केलेलं.

महाराष्ट्रातलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं द्या. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. 1900च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्याही आणल्या. मराठी न येणाऱ्या, कुणाच्याच नात्यागोत्याच्या नसलेल्या शेकडो मुली केडगावला त्यांच्या ‘मुक्ती’ या आश्रमात राहिल्या, शिकल्या, कामाला लागल्या. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, अशा बायकांना समजेल इतक्या सोप्या मराठीत बायबल उतरवलं; ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली छापून झालं. शब्द सोपा ठेवणं हाही त्यांच्या सेवेचाच भाग होता.

आणखी एक प्रतिसाद

वरच्याशी सहमत. फक्त ‘दान’ या शब्दाची बाजू मांडतो. सत्पात्री दानामुळे त्यात पात्रता तपासणं आलं हे खरं. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान ‘अनुपकारी’ माणसाला द्यावं असंही आहे, म्हणजे जो परतफेड करू शकत नाही त्याला. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू जेवायला कोणाला बोलवा म्हणतो? दरिद्री, लंगडे, आंधळे. कारण फेड करायला त्यांच्यापाशी काही नाही. पात्रतेबद्दल मात्र फरक राहतो. येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी (परक्या जमातीचा) माणूस रस्त्यावरच्या जखमीला तू कोण, कुठला, असं काहीच विचारत नाही. तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो, आणि वर लागलं तर परत येताना भरीन म्हणतो.

‘प्रीती’ की ‘प्रेम’? मंडळीत वाचायचं असेल तर प्रीतीच ठेवा. बाहेर वाटायचं असेल तर प्रेम.

प्रश्नकर्त्याकडून

फार उपयोग झाला. शीर्षक ‘परक्यांवरची प्रीती’ करावं म्हणतो. ‘उपरी’ आजच्या वाचकाला कळेल का?

प्रतिसाद

एकट्यानं कळणार नाही. ‘उपरा’ कळतो, पण त्याला हिणवण्याचा वास आहे. शीर्षक तुम्ही म्हणता तेच चांगलं. आत ‘मदत’ आणि ‘वाटा’ हे शब्द वापरा: ‘आमच्या धान्यात तुमचाही वाटा आहे’. चर्चमधल्या ‘अर्पण’ आणि ‘दशांश’ या शब्दांत हे मिसळू नका, ते देवाच्या वेदीशी बांधलेले आहेत. आणि ‘लाभार्थी’ कुठेही येऊ देऊ नका. ‘कुटुंबं’ म्हणा, गावाचं नाव घाला.