ललिता पवार: थप्पड लागली म्हणून घडल्या, की लागूनही घडल्या?

रीळवेडा
1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिता पवारांना थप्पड मारायची होती. ती खरीच बसली आणि जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. माझं मत सरळ आहे: नायिका तिथे संपली आणि त्याच डोळ्याने हिंदी पडद्याला सगळ्यात जरबेची सासू दिली. तो अपघात झाला नसता तर 'दहेज' (1950) मधली सासूही नाही आणि मंथराही नाही.

पिटातला प्रेक्षक
साफ नामंजूर. लीला चिटणीस बघा. 1941 च्या 'झूला'त नायिका, 1948 च्या 'शहीद'मध्ये थेट दिलीपकुमारची आई, तीही चाळिशीच्या आत. त्यांना कुणी थप्पड मारली होती? 'श्री 420' मधली केळेवाली गंगामाई केली तेव्हा ललिताबाई 39 च्या, राज कपूरपेक्षा जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या. तिशी उलटली की नायिकेच्या वाट्याला आईच यायची. अपघाताने ती वेळ फार तर काही वर्षं अलीकडे ओढली.

आणि कारकीर्द थप्पडीपासून मोजू नका हो! 1928 पासून मूकपट, 'हिम्मत-ए-मर्दा' (1935) मध्ये स्वतः गायल्या, 'दुनिया क्या है' (1937) ची निर्मितीही केली. 1942 पर्यंत चौदा वर्षं कॅमेऱ्यासमोर काढली होती त्यांनी.

रीळवेडा
लीलाबाईंचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. त्यांना मिळाली सोसणारी, डोळ्यांत पाणी आणणारी आई. ललिताबाईंना दरारा मिळाला. हा फरक चेहऱ्याचा नाही तर कशाचा?

पिटातला प्रेक्षक
बोलण्याचा. 'अनाडी' (1959) मधली मिसेस डीसा घ्या. डोळा तोच, पण बाई मायाळू. भाडेकरू राजवर खेकसते आणि त्याच दमात त्याची काळजी करते. याच कामाला फिल्मफेअर मिळालं. डोळ्यातच खलनायिका असती तर प्रेक्षक मिसेस डीसासाठी रडलेच नसते. एकदा चित्र झाकून नुसतं ऐका: दरारा आणि माया दोन्ही आवाजात सापडतील.

तालीममास्तर
वाद चांगला आहे, पण थप्पडीला 'वरदान' म्हटलेलं मला सहन होत नाही. लेखांमधून भगवानना 'नवखा नट' म्हणतात, तेही चूक. 'बहादूर किसान' (1938) च्या दिग्दर्शनात त्यांचा हात होता. मारामारीचे चित्रपट हा तर त्यांचा हातखंडा. नवखेपणाची सबब चालणार नाही.

पडद्यावरची थप्पड कशी घेतात? कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे ठेवायचा. हात चेहऱ्यासमोरून वीतभर अंतर राखून न्यायचा, खाणाऱ्याने त्याच क्षणी मान झटकायची, आवाज नंतर भरायचा. बाजूने शॉट लावला की मधली फट दिसते, मग "खरीच मारा" अशी टूम निघते. खरी मारायचीच तर मनगट सैल, फक्त बोटं, गालाच्या मांसल भागावर, आणि आधी नजरेने इशारा. तळव्याची टाच कानाजवळ किंवा डोळ्याच्या कडेला लागली तर इजा ठरलेली. खाणारा बेसावध असला तर मान ताठ राहते आणि सगळा जोर चेहऱ्यावरच जिरतो. हे टाळता येण्यासारखं होतं. एका बाईने त्याची किंमत पुढची 56 वर्षं चेहऱ्यावर वागवली.

रीळवेडा
'वरदान' शब्द माझा नाही, पण मुद्दा पोचला. तरी सांगा, 'संपूर्ण रामायण' (1961) आणि 1987 ची दूरदर्शन मालिका, दोन्हीकडे मंथरा त्याच. मधे 26 वर्षं गेली, वय 71 झालं, तरी दुसरं नाव पुढे आलं नाही. हे चेहऱ्यामुळेच.

पिटातला प्रेक्षक
मंथरेपुरतं मान्य. पण मग 'रामशास्त्री' (1944) चं काय? उपचार तीन वर्षं चालले असं सगळीकडे छापतात, आणि अपघाताला जेमतेम दोन वर्षं होताहेत तोच प्रभातच्या चित्रपटात त्या आनंदीबाई. समोर रामशास्त्री म्हणून गजानन जागीरदार. 'ध'चा 'मा' करणारी बाई उभी करायची म्हणजे कारस्थान मनात शिजताना दिसायला हवं, डोळा बारीक असून भागत नाही. प्रभातने ती भूमिका कणव म्हणून दिलेली नाही.

रीळवेडा
'रामशास्त्री' पुन्हा बघतो. 'दहेज'वरचं मत मात्र बदलत नाही.