मदत हवी आहे: जुनी विज्ञानाची सीडी उघडत नाही, फ्लॅश प्लेअर इन्स्टॉलच होत नाही

नववी_ब
शाळेत विज्ञानाच्या अ‍ॅनिमेशनची जुनी सीडी आहे. उघडली की क्रोममध्ये राखाडी चौकोन येतो, प्लगइन चालत नाही म्हणतो. अशी अ‍ॅनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा सेटअप मिळवला, तो मध्येच डाउनलोडची एरर देऊन बंद पडतो. अ‍ॅडमिन म्हणून चालवला, अँटीव्हायरस बंद केला, फरक नाही. सोमवारी प्रकाशाचे परावर्तन शिकवायचंय. 'अपडेट करा, रीस्टार्ट करा' सोडून काहीतरी सांगा.

बिटबाय
सेटअप होणारच नाही, त्यामागे लागू नका. तुमच्याकडे आहे तो ऑनलाइन इन्स्टॉलर. तो खरी फाइल अडोबीच्या सर्व्हरवरून आणतो आणि ती तिथून काढलेली आहे. 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचा सपोर्ट संपला, 12 जानेवारी 2021 पासून प्लेअर स्वतःच कंटेंट अडवतो. आणि प्लेअर बसला तरी उपयोग नाही: क्रोम 88 आणि फायरफॉक्स 85 पासून ब्राउझरमधला फ्लॅशचा आधारच काढलाय.
आता हे सांगा: विंडोज कोणती? सीडीत कोणकोणत्या फाइली आहेत? ईएक्सई आहे का?

खडूफळा
एजमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर मोड असतो, तो चालू करा. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरखाली सापडेल.

बिटबाय
@खडूफळा त्याने काम होणार नाही. तो मोड जुनी पानं दाखवतो, पण त्याला फ्लॅशचा अ‍ॅक्टिव्हएक्स घटक (एक्सप्लोररमधलं प्लगइन) लागतो. विंडोज 10 मध्ये जो आधीपासून होता तो केबी4577586 या अपडेटने काढला. ते अपडेट अनइन्स्टॉलही होत नाही.

नववी_ब
विंडोज 10, 64 बिट. सीडीत स्टार्ट नावाची ईएक्सई आहे, त्यावर क्लिक केलं तरी क्रोमच उघडतो. बाकी फोल्डर आहेत.

सह्याद्री_लिनक्स
म्हणजे ती ईएक्सई नुसती लाँचर आहे, फक्त ब्राउझर उघडून देते. स्वतःची खिडकी उघडली असती तर ती प्रोजेक्टर ठरली असती. प्रोजेक्टरच्या आत प्लेअर भरलेला असतो, त्याला वेगळा फ्लॅश लागत नाही.
फोल्डरांच्या आत बघा, फाइलींचं एक्सटेन्शन काय आहे? एसडब्ल्यूएफ असेल तर मार्ग आहे. डीसीआर असेल तर ते फ्लॅश नाहीच, शॉकवेव्ह आहे, त्याचा उपाय वेगळा. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'खाली 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर टिक केल्याशिवाय दिसणार नाही.

ऊर्जा
ताई/सर, सीडी सोडून द्या. कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स वापरा. एचटीएमएल5 मध्ये आहेत, प्लगइन लागत नाही, अनेक मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात. प्रकाशासाठी 'जिओमेट्रिक ऑप्टिक्स' बघा, त्यात आरसेही आहेत.

नववी_ब
@ऊर्जा फेट माहीत आहे. या सीडीतले पाठ आपल्या पुस्तकाच्या क्रमाने आहेत, म्हणून हीच हवी. फाइली एसडब्ल्यूएफ आहेत. क्रोममध्ये रफलचं एक्सटेन्शनही टाकून पाहिलं होतं, काही झालं नाही.

बिटबाय
हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं! रफल हाच बरोबर रस्ता आहे. रस्टमध्ये लिहिलेला फ्लॅशचा एम्युलेटर (नक्कल करून त्याच फाइली चालवणारा प्रोग्राम), अडोबीचं काहीही लागत नाही. 'काही झालं नाही' म्हणजे नक्की काय? राखाडी चौकोन तसाच, की रफलचा लोगो येऊन पुढे थांबतं?

नववी_ब
चौकोन तसाच. लोगो वगैरे काही नाही.

बिटबाय
मग एक्सटेन्शनला पानच दिसत नाहीये. सीडीवरचं पान थेट डिस्कवरून उघडतं आणि क्रोम एक्सटेन्शनला तिथे बाय डीफॉल्ट परवानगी देत नाही. एक्सटेन्शन्सच्या यादीत रफल, 'डिटेल्स', तिथे 'अलाउ अ‍ॅक्सेस टू फाइल यूआरएल्स' चालू करा आणि पान रीलोड करा.

सह्याद्री_लिनक्स
एवढ्याने मेनू दिसेल, पण धडा उघडला की बहुधा पांढरं येईल. मुख्य एसडब्ल्यूएफ प्रत्येक पाठाची वेगळी फाइल मागवते आणि डिस्कवरच्या पानाला शेजारची फाइल वाचू देणं ब्राउझर टाळतात. ब्राउझर सोडा. रफलची डेस्कटॉप आवृत्ती घ्या, झिप उघडा, 'ओपन फाइल'मधून मुख्य एसडब्ल्यूएफ निवडा. फाइली वाचायची परवानगी विचारली तर द्या. त्याआधी संपूर्ण सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करा. एकटी मेनूची फाइल उचललीत तर बाकी पाठ सापडणार नाहीत.

विंडोज७प्रेमी
इतकी खटपट कशाला? व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारा प्रोग्राम) विंडोज 7, जुना फायरफॉक्स, आणि 2020 च्या मध्याच्या आधीचा फ्लॅश. त्यात 12 जानेवारी 2021 च्या तारखेचं कुलूप नाही. शंभर टक्के सगळं चालतं, रफलसारखं अर्धवट नाही.

सह्याद्री_लिनक्स
शाळेच्या 4 जीबी रॅमच्या मशीनवर व्हीएमला 2 जीबी दिल्यावर उरतं काय? आणि तो फ्लॅश सुरक्षेच्या भोकांनी भरलेला आहे.

विंडोज७प्रेमी
व्हीएमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर बंद ठेवा, मग भोकं असून काय होणार? रॅम 4 आहे असं धागाकर्त्याने कुठे म्हटलंय?

ऊर्जा
सीडीची आयएसओ (पूर्ण सीडीची एका फाइलीतली प्रत) आजच काढून ठेवा. जुन्या सीडीचा थर उडाला की काहीच वाचता येत नाही.

नववी_ब
डेस्कटॉप रफलने मेनू आला, पाठही उघडले. पण दोन गोष्टी. काही ठिकाणी मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शीर्षकं मात्र नीट आहेत. आणि आरशांचा पाठ पांढराच येतो.

लिपीकार
अक्षरांचं कारण सरळ आहे. शीर्षकांत अक्षरांचे आकार फाइलीतच भरलेले असतात, म्हणून ती नीट दिसतात. मजकूर डायनॅमिक (पाठ चालताना भरला जाणारा) असेल तर तो संगणकावरचा फॉन्ट मागतो. तो युनिकोडच्या आधीचा फॉन्ट आहे, म्हणजे 'क'च्या जागी रोमन अक्षराचा कोड साठवलाय. सीडीत बहुधा फॉन्टचं फोल्डर असेल. त्यातल्या टीटीएफ (फॉन्टच्या) फाइलवर राइट क्लिक, 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स', मग रफल बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट सापडला नाही तर मुख्य फाइल जेपेक्स डीकम्पायलरमध्ये (एसडब्ल्यूएफच्या आतलं दाखवणारं टूल) उघडून फॉन्टचं नाव बघा.
मजकूर युनिकोडमध्ये बदलायला मात्र जाऊ नका, जुन्या फाइलीत जोडाक्षरं तुटतील.

बिटबाय
पांढरा पाठही त्याच जेपेक्समध्ये उघडा. 'फाइलअ‍ॅट्रिब्यूट्स' टॅगमध्ये अ‍ॅक्शनस्क्रिप्ट3 'ट्रू' असेल तर कारण बहुधा तेच. ही फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा. तिच्या 1 आणि 2 या आवृत्त्या रफल उत्तम चालवतो, 3 मध्ये अजून त्रुटी आहेत. रफलची ताजी नाइटली आवृत्ती एकदा लावून बघा, त्यात रोज दुरुस्त्या येतात.

नववी_ब
फॉन्ट टाकला, मजकूर आला. ट्रू आहे. नाइटलीतही पांढरंच.

विंडोज७प्रेमी
मग त्या एका पाठासाठी अडोबीचा स्टँडअलोन प्रोजेक्टर वापरा. एकच ईएक्सई, इन्स्टॉल करावी लागत नाही, त्यात तारखेचं कुलूपही नाही. कुठूनही घेतलीत तरी चालवण्याआधी 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा, सही अडोबीची नसेल तर डिलीट करा. 'प्लेअर अपडेट' म्हणून फिरणाऱ्या बऱ्याच फाइली मालवेअर असतात.

सह्याद्री_लिनक्स
हे मात्र बरोबर. पाठ एक्सएमएल वाचत असेल तर प्रोजेक्टर सुरक्षेची सूचना दाखवेल. त्यासाठी यूजरच्या अ‍ॅपडेटा रोमिंगमध्ये मॅक्रोमीडिया, फ्लॅश प्लेअर, '#सिक्युरिटी', 'फ्लॅशप्लेअरट्रस्ट' अशी फोल्डरांची साखळी लागते. नसेल तर इंग्रजीत हीच नावं देऊन बनवा. शेवटच्या फोल्डरात सीएफजी एक्सटेन्शनची साधी टेक्स्ट फाइल, आत एकच ओळ: सीडी जिथे कॉपी केलीत त्या फोल्डरचा पूर्ण पाथ. नोटपॅड शेवटी टीएक्सटी चिकटवतं, ते काढा.

नववी_ब
प्रोजेक्टरमध्ये आरशांचा पाठ चालला, आवाजासकट. सीएफजी लागली. सगळ्यांचे आभार. @ऊर्जा आयएसओ कशाने काढू?

ऊर्जा
इमगबर्न. 'क्रिएट इमेज फाइल फ्रॉम डिस्क' निवडा. वाचताना एरर आली तर रीड स्पीड 4एक्सवर आणून पुन्हा करा.